न संपणारं सोरट

म्हैसूरच्या अशोका रोडवर आमच्या घरोब्याचं एक गलाईचं दुकान आहे. माणसं मूळची सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडची, आजोबांच्या वेळी इकडं आलेली. जुनं सोनं आटवायचं, शुद्ध करायचं, टंच काढून द्यायचा, हा धंदा. खानापूर-आटपाडीकडची अशी घरं देशभरातल्या सराफ बाजारांत भेटतात, त्यातलंच हे एक. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि नववीतल्या मुलाच्या तोंडी एकाच वाक्यात दोन्ही. दिवाळी होऊन पंधराएक दिवस झाले असतील, वहिनींनी मला बोलावून घेतलं. बँकेचं दोन महिन्यांचं विवरण त्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं होतं.

"भावजी, हे बघा जरा. यांना अजून दाखवलेलं नाही."

चाळीसेक नोंदी होत्या. २९ रुपये, ८९, ८९, १५९, ४४९, पुन्हा ८९. कधी एकाच दुपारी पाच-सहा. हजाराच्या वर एकही नाही, म्हणूनच कुणाच्या डोळ्यांत आल्या नाहीत. बेरीज मात्र साडेअठरा हजारांच्या पुढे गेली होती. यूपीआयचा पिन मुलाला वहिनींनीच सांगितला होता, दूध-भाजी आणायला. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. रडून झालं होतं. मला म्हणाला, "काका, मी जुगार नाही खेळलो. रमी नाही, काही नाही. मी गेम खेळलो."

तो खोटं बोलत नव्हता. कायद्याची पुस्तकं काढून बसलं, तर आज तरी त्याचं म्हणणं खोडून काढता येईल असं मला वाटत नाही. आणि तरीही त्या चाळीस नोंदींचा आकार ज्यांनी मटक्याच्या काळात घरं बघितली आहेत त्यांच्या ओळखीचा आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, याचा शोध घेताना जे हाती लागलं ते इथं मांडतो आहे.

आधी त्याने मला दाखवलं ते सांगतो. खेळ फुकट आहे. उतरवून घ्यायला पैसे नाहीत, खेळायला नाहीत, जिंकायलाही नाहीत. पैसे लागतात ते पेटीला. पेटीला तो 'क्रेट' म्हणतो. आत बंदुकीचा रंग असतो, पात्राचा पोशाख असतो, क्वचित अशी एक वस्तू असते जी त्याच्या वर्गात एकाकडेच आहे. पेटीवर बोट ठेवलं की पडदा काळवंडतो, पेटी थरथरते, फटींतून उजेड झिरपतो. निळा उजेड म्हणजे किरकोळ माल, जांभळा म्हणजे बरा, सोनेरी म्हणजे लागलं. वस्तूंची एक पट्टी सरसर सरकत जाते, हळू होते, सोनेरी चौकटीपाशी येते आणि एका घराने पुढे जाऊन थांबते. "बघा, थोडक्यात हुकलं," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात एवढं झाल्यानंतरही उमेद होती. हे थोडक्यात हुकणं खरं नसतं. काय निघणार ते बोट ठेवल्याच्या क्षणी ठरलेलं असतं, पट्टीचं सरकणं नंतरची सजावट. कसिनोतल्या यंत्रांवर झालेल्या संशोधनात हे फार पूर्वी दिसलं आहे की लागता लागता हुकलेला डाव माणसाला साफ हरलेल्या डावापेक्षा जास्त वेळ बसवून ठेवतो. बक्षीस दर वेळी न देता कधी तरी, अंदाज बांधता येणार नाही असं दिलं की प्राणी कळ दाबतच राहतो, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर दाखवलं, त्यालाही आता सत्तरएक वर्षं होतील.

आपल्याकडे या गोष्टीला फार जुना आणि नेमका शब्द आहे: सोरट. जत्रेत एक पुठ्ठा टांगलेला असायचा, त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांच्या ओळी. दहा पैसे द्यायचे, एक चिठ्ठी फाडायची, आतल्या आकड्याची वस्तू घ्यायची. बहुतेकांना शिट्टी, फुगा, प्लॅस्टिकची अंगठी. वरच्या बाजूला मात्र चावीची मोटार किंवा बॅटरी टांगलेली, सगळ्या पोरांच्या नजरा तिच्यावर. मोठी माणसं ओरडायची, पण सोरटाने कुणाचं घर बुडाल्याचं मी ऐकलेलं नाही. का बुडालं नाही, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे, कारण मोबाइलमधली पेटी आणि सोरट यांतला सगळा फरक त्याच्या उत्तरात आहे.

सोरटाचा पुठ्ठा संपतो. शंभर चिठ्ठ्या असतील आणि मोटार एकीत असेल, आणि नव्वद फाडूनही ती लागली नसेल, तर उरलेल्या दहांत ती असणारच. पोरं हे डोळ्यांनी बघत. किती उरल्या ते मोजत, आणि मोटार लागून गेली की दुसऱ्या मिनिटाला गर्दी पांगायची. मोबाइलच्या पेटीत फाडलेली चिठ्ठी पुन्हा पुठ्ठ्यावर जाऊन चिकटते. 'शंभरात एक' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ शंभर वेळा उघडल्यावर एक मिळेल असा मुलं घेतात. मोठेही तोच घेतात. हिशेब करून बघा. शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या, तर त्यांतली साधारण सदतीस रिकाम्या हातांनी उठतील. तीनशे-तीनशे उघडल्या तरी पाच जण कोरडेच राहतील. त्या पाचांना वाटत असतं की आता इतक्या झाल्या, पुढची नक्की. पुढचीचा भाव मात्र पहिलीएवढाच, शंभरात एक.

दुसरी गोष्ट, सोरटवाल्याला पोराच्या खिशातले दहा पैसे दिसायचे, बाकी काही दिसायचं नाही. मोबाइलच्या खेळाला सगळं दिसतं. कोणत्या दिवशी पैसे भरले, कितव्या पराभवानंतर भरले, किती दिवस आला नाही. आज फक्त तुमच्यासाठी, दोन तासांत संपणारी सवलत, ती या माहितीवरून येते. तिसरी गोष्ट पैशाची. दहा पैसे म्हणजे दहा पैसे, त्यांची एक लिमलेटची गोळी येते हे पोराला ठाऊक असायचं. इथे रुपयांचे आधी हिरे होतात किंवा नाणी, त्यांचे टोकन, टोकनांच्या चिठ्ठ्या. 'गेन्शिन इम्पॅक्ट' हा जगभर गाजलेला खेळ घ्या. पैशाचे स्फटिक, स्फटिकांची रत्नं, १६० रत्नांची एक चिठ्ठी. पाच ताऱ्यांचं पात्र निघण्याची शक्यता एका चिठ्ठीला ०.६ टक्के, म्हणजे हजारात सहा. एकोणनव्वद चिठ्ठ्यांत न निघालं तर नव्वदावीला निघणारच, अशी हमी. सोरटाचा पुठ्ठा संपतो तसंच हे वाटतं. पण निघेल ते पात्र हवं तेच असेल याची शक्यता निम्म्याच्या आसपास, आणि हव्या त्या पात्राची खात्री हवी तर वाईटात वाईट १८० चिठ्ठ्या. ते पात्र तीनेक आठवड्यांनी पडद्यावरून जातं. सत्तर चिठ्ठ्यांवर आलेला मुलगा मग थांबेल कसा? सोडलं तर सत्तर वाया गेल्यासारखं वाटतं, त्या हमीनेच त्याला पुढं ओढलेलं असतं.

हे सगळं लिहिताना म्हैसूरमध्ये बसलो आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगायची. नशीब हा काही खेळातला दोष नाही. इथल्याएवढं खेळांवर प्रेम केलेलं राजघराणं देशात शोधूनच सापडेल. मुम्मडी कृष्णराज वडेयर यांच्या हातून १८३१ साली इंग्रजांनी कारभार काढून घेतला. त्यानंतरची, १८६८ पर्यंतची वर्षं त्यांनी विद्या, कला आणि खेळ यांत घातली. बुद्धिबळाच्या पटावर घोडा चौसष्ट घरं कशी फिरेल याची कोडी त्यांनी सोडवली, पटांवरचे नवे खेळ रचले, गंजिफ्याचे असे डाव योजले की एकेकाची पानं शेकड्यांत जावीत. 'श्रीतत्त्वनिधी' या त्यांच्या प्रचंड ग्रंथाचा शेवटचा भाग 'कौतुकनिधी', तो खेळांनाच वाहिलेला आहे. रामसन्स कला प्रतिष्ठान इथं 'क्रीडा कौशल्य' नावाची पटांची आणि सोंगट्यांची प्रदर्शनं भरवत आलं आहे, त्यांत चौपट, पगडे असे पट मांडलेले असतात. कवड्या उधळल्यावर किती उताण्या पडतील ते कोण सांगणार? गंजिफ्याची पानं हाती कशी येतील? आपल्या सावंतवाडीच्या आणि इथल्या म्हैसुरी गंजिफ्याच्या गोल पानांत दैव आणि डोकं बरोबरीने बसलेलं असतं, म्हणून तर खेळात गोडी. दानासाठी कवड्या पुन्हा उधळायच्या तर दर वेळी पटाच्या मालकाला पैसे मोजा, असं मात्र त्या पटांवर कुणी म्हटलेलं नव्हतं.

आता कायद्याकडे येतो. इथेही म्हैसूर आणि मुंबई यांची गाठ आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. पन्नासच्या दशकात बंगळूरहून, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यातून, 'स्पोर्टिंग स्टार' नावाचं साप्ताहिक निघायचं. त्यातून आर. एम. डी. चमारबागवाला यांची शब्दकोड्यांची बक्षीस स्पर्धा चाले. अंकाचा मोठा खप मुंबई राज्यात. लोक कोडं भरून, प्रवेश फी जोडून पाठवत. दिसायला काम बुद्धीचं, शब्द ओळखायचा. पण एका जागी दोन-दोन शब्द बसत, आणि बरोबर कोणता ते आधीच लिफाफ्यात बंद करून ठेवलेल्या उत्तराशी जुळण्यावर ठरे. मुंबई सरकारने तिच्यावर कायदा लावला, मालक कोर्टात गेले, आणि ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्या पीठाने निकाल दिला: हा जुगार आहे, आणि जुगार हा व्यापार नव्हेच, त्यामुळे व्यापार-स्वातंत्र्याचं संरक्षण त्याला मिळणार नाही. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात कौशल्याच्या स्पर्धांना मात्र न्यायालयाने वेगळं काढलं. त्या वेगळ्या काढण्यावर पुढची साठ-सत्तर वर्षं गेली. १९६७ साली रमी कौशल्याची ठरली, १९९६ साली घोड्यांची शर्यत. चामुंडी टेकडीच्या पायथ्याचा म्हैसूरचा रेसकोर्स त्यामुळे चालू आहे, आणि कर्नाटकात लॉटरी २००७ पासून बंद आहे. कर्नाटक सरकारने २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून ऑनलाइन पैशांच्या खेळांवर सरसकट बंदी आणली, तेव्हा उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी तीही याच कारणाने रद्द केली.

केंद्राने २०२५ मध्ये हा जुना वाद बाजूला सारला. ऑनलाइन गेमिंगचा कायदा २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झाला, २२ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून पैसे जिंकायच्या आशेने खेळला जाणारा कोणताही ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, खेळणाऱ्याला नाही. ड्रीम११ चं नाव भारतीय संघाच्या जर्सीवरून त्याच महिन्यात गेलं. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात स्वतःकडे घेतल्या. मला हा कायदा हेतूने योग्य वाटतो. वर्षाला वीस हजार कोटींवर पैसा लोक हरतात असा सरकारचा अंदाज होता, आणि आत्महत्यांच्या बातम्या म्हैसूरलाही परक्या नाहीत.

पण आमच्या गलाईवाल्यांच्या मुलाला हा कायदा शिवतो का? व्याख्या नीट वाचल्या तर दोन टोकं दिसतात. 'लावणं' या शब्दाच्या पोटात कायद्याने पैशांबरोबर पैशाने घेतलेली आभासी नाणी, टोकन, वस्तू सगळं घेतलं आहे. हे टोक मुलाच्या हिऱ्यांना पकडतं. दुसरं टोक जिंकण्याचं. पैशाचा किंवा इतर लाभ होईल अशी अपेक्षा हवी. बंदुकीचा सोनेरी रंग हा लाभ म्हणायचा का? कंपन्या म्हणतात, ती वस्तू खेळाबाहेर विकता येत नाही, मनोरंजनापलीकडे तिला किंमत नाही. प्रत्यक्षात दुर्मीळ वस्तू असलेल्या 'आयडी' टेलिग्राम-इन्स्टाग्रामवर रोख पैशाला विकल्या जातात, हे शाळेतल्या कुठल्याही मुलाला विचारा. तरीही तो व्यवहार चोरीछुपे चालतो, खेळाच्या नियमाविरुद्ध. शिवाय मनोरंजनासाठीच्या 'सामाजिक खेळां'ना त्याच कायद्यात मोकळीक आहे. पेटी या फटीत बसली आहे. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये, बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया जुलै २०२२ मध्ये दुकानातून उतरवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. या सगळ्या कारवाया माहितीच्या आणि देशाच्या सुरक्षेच्या कारणांनी झाल्या, क्रेटचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता.

बाहेरच्या देशांनीही हाच दोर दोन बाजूंनी ओढून पाहिला आहे. सुरुवात जपानची. खेळण्यांच्या गोळ्या टाकणाऱ्या तिथल्या यंत्रावरून 'गाचा' हा शब्द आला. नशिबाने निघणाऱ्या वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच मोठं बक्षीस, असा 'कोम्पू गाचा' प्रकार तिथल्या ग्राहक खात्याने मे २०१२ मध्ये बेकायदा ठरवला. चीनने मे २०१७ पासून शक्यता जाहीर करणं सक्तीचं केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' मधल्या पेट्यांवरून जगभर ओरड झाली, डिसेंबरात ॲपलने आपल्या दुकानातल्या सगळ्या खेळांना शक्यता छापायला लावलं, २०१९ मध्ये गूगलनेही. बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायची पेटी सरळ जुगार ठरवली. चार वर्षांनी संशोधक लिऑन शाओ यांनी तिथल्या आयफोनवरचे सर्वांत जास्त कमावणारे शंभर खेळ तपासले, तर ८२ मध्ये पेट्या तशाच होत्या. बंदी कागदावर राहिली, तपासणारा कुणी नव्हता. नेदरलँड्सने फुटबॉलच्या खेळातल्या पत्त्यांच्या पाकिटांसाठी ईए कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला, पण मार्च २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो रद्द केला. कारण असं दिलं की पाकीट हा स्वतंत्र खेळ नाही, तो एका मोठ्या कौशल्याच्या खेळाचा भाग आहे. हे वाचताना मला 'स्पोर्टिंग स्टार' आठवला. कौशल्याच्या पोटात नशीब ठेवलं की ते नशीब राहत नाही, हा युक्तिवाद आपल्या न्यायालयाने १९५७ मध्ये मानला नव्हता.

ब्रिटनने पुरावे मागवून जुलै २०२२ मध्ये जुगाराचा कायदा न बदलण्याचं ठरवलं आणि काम उद्योगाच्या स्वयंशिस्तीवर सोडलं. ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर २०२४ पासून अशा नव्या खेळांवर वयाची वरची खूण घातली. अमेरिकेत 'गेन्शिन'च्या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये दोन कोटी डॉलर भरून तडजोड केली आणि सोळा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय पेट्या न विकण्याचं कबूल केलं. ब्राझीलने त्याच वर्षी मुलांच्या खेळांतून पेट्याच काढायचा कायदा केला. सगळ्यांत बोलकं उदाहरण दक्षिण कोरियाचं. नेक्सॉन कंपनीने 'मेपलस्टोरी' खेळातल्या वस्तूंच्या शक्यता खेळणाऱ्यांना न सांगता कमी केल्या होत्या, आणि लोकांना सर्वांत हव्या असलेल्या काही जोड्या तर शून्यावर आणून ठेवल्या होत्या. लोक पैसे भरत होते आणि पुठ्ठ्यावर ती चिठ्ठीच नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये तिला १,१६० कोटी वॉनचा दंड झाला, मार्चपासून शक्यता जाहीर करणं कायद्याने सक्तीचं झालं.

संशोधन काय सांगतं? डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स यांनी २०१८ मध्ये सात हजारांवर खेळाडूंची पाहणी केली. जुगाराची समस्या जितकी तीव्र, तितका पेट्यांवरचा खर्च जास्त, असं त्यांना आढळलं. ब्रिटनमधल्या प्लिमथ आणि वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठांच्या २०२१ च्या अहवालात तेरा अभ्यासांपैकी बारांत हा संबंध निघाला. पेट्या मुलांना जुगारी बनवतात, हे मात्र यावरून सिद्ध होत नाही. जुगाराकडे ओढ असलेली माणसंच पेट्यांकडे वळत असतील असंही म्हणता येतं. माझ्या मते दोन्हींतलं काहीही खरं निघालं तरी विकणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पेट्यांवर सर्वाधिक खर्च करणाऱ्या पाच टक्के लोकांकडून निम्म्याच्या आसपास उत्पन्न येतं, आणि ही माणसं श्रीमंत असतातच असं नाही, अडचणीत मात्र बरीच असतात. बाकीचे पंचाण्णव टक्के गंमत म्हणून दोन-चार पेट्या उघडतात आणि सोडून देतात. धंदा त्यांच्यावर उभा नाही.

इथून मला जे म्हणायचं आहे ते असं की जुगार आहे की नाही, हा प्रश्न आपण नेहमी मिळणाऱ्या वस्तूच्या टोकाने विचारतो. तिला बाजारात किंमत आहे का, ती विकता येते का. वहिनींच्या हातातल्या कागदावर मिळालेली वस्तू कुठेच नव्हती, फक्त गेलेला पैसा होता. नुकसान जिथं होतं तिथं, म्हणजे देण्याच्या टोकाला, कायद्याने उभं राहायला हवं. पेटीची किंमत रुपयांत लिहा, हिऱ्यांत नाही. शक्यता पेटीवरच लिहा, हिशेब करून: या वस्तूसाठी साधारण इतके रुपये जातील. अठरा वर्षांखालच्याला पेटी विकू नका. आणि महिन्याची मर्यादा घाला, प्रौढांनाही. बॅटलग्राउंड्स २०२१ मध्ये आला तेव्हा क्राफ्टन कंपनीने अल्पवयीनांना दिवसाला तीन तास आणि सात हजार रुपये अशी मर्यादा जाहीर केली होती. मर्यादा घातली हे चांगलंच. पण दिवसाला सात हजार म्हणजे महिन्याला दोन लाख दहा हजार. मुलांच्या खर्चाची मर्यादा म्हणून हा आकडा कुणी आईबापांना विचारून ठरवलेला नाही एवढं नक्की.

पेटीशिवाय धंदा चालत नाही, हेही खरं नाही. फिनलंडच्या सुपरसेलने 'ब्रॉल स्टार्स'मधून डिसेंबर २०२२ मध्ये पेट्या काढून टाकल्या, 'रॉकेट लीग'ने त्याआधी २०१९ मध्ये. हवी ती वस्तू दाखवा, भाव सांगा, विका. आपल्या मुंबईत २०१६ मध्ये सुरू झालेला 'लुडो किंग' घराघरांत पोचला तो पच्चीसीच्या वंशातल्या सोंगट्या घेऊन. दानाच्या नशिबावर घरंच्या घरं हसली-भांडली, त्यासाठी सोनेरी उजेडाची पेटी लागली नाही.

घरात करता येण्याजोगं थोडं आहे, पण आहे. अँड्रॉइड फोनवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय असते, ती बहुतेक घरांत बंद असते. नकळत झालेल्या खरेदीची तक्रार गूगल प्लेकडे ४८ तासांच्या आत केली तर पैसे परत मिळण्याची बरीच शक्यता असते. वहिनींचे दोन महिने होऊन गेले होते. मुलाचं आणि घरखर्चाचं खातं वेगळं ठेवावं. यातून एक वाट मोकळीच राहते. रिचार्जच्या दुकानात रोख पैसे देऊन 'रिडीम कोड' मिळतो, तो भरायला ना पिन लागतो ना ओटीपी, वाढदिवसाचे शंभर रुपये पुरतात. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे, मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पूर्ण अंमलाला दीड वर्षाची मुदत. पेटीचा उल्लेख त्यात नाही, पण फक्त तुमच्यासाठी म्हणणाऱ्या दोन तासांच्या सवलतीला याच कलमाने धरता येईल. ग्राहक संघटनांनी त्या वाटेने जाऊन बघावं असं मला फार वाटतं.

आणि मूल हाताबाहेर गेलं असेल तर लपवू नये. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट' नावाचं स्वतंत्र उपचार केंद्र चालतं, म्हैसूरहून सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत खेळाचं व्यसन २०२२ पासून आहे. वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वेडाच्या दवाखान्यात कसं न्यायचं हो पोराला?" मुलाला एवढ्यात तिथं न्यायची गरज नव्हती. पण गरज असलेली किती घरं याच वाक्यापाशी अडकून पडली असतील.

संध्याकाळी दुकान बंद करून मुलाचे वडील आले. वहिनींनी कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. मला वाटलं, हात उचलतील. त्यांनी चष्मा लावला, खालपर्यंत एकेक आकडा वाचला, मुलाला शेजारी बसवलं आणि म्हणाले, दाखव मला काय असतंय ते. मुलाने पेटी उघडून दाखवली नाही, नुसतं चित्र दाखवलं. दिवसभर दशांशाच्या टंचावर भाव ठरवणारा माणूस तो. ९१.६ आणि ९१.२ यांत किती रुपये इकडचे तिकडे होतात ते झोपेतही सांगेल. २०२१ मध्ये हॉलमार्क सक्तीचा झाला, तेव्हापासून सराफाकडच्या प्रत्येक डागावर क्रमांक बघायची त्याची सवय.

"यात सोनेरी निघायचं प्रमाण किती?"

मुलाला माहीत नव्हतं. चाळीस वेळा पैसे भरून माहीत नव्हतं. दोघांनी मिळून शोधलं. वरच्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढं प्रश्नचिन्ह, त्यात एक यादी, यादी खाली सरकवत गेल्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांत तक्ता. त्या वस्तूसमोर अर्ध्या टक्क्याहून कमी आकडा होता.

वडिलांनी तो पावतीच्या पाठीमागे लिहून घेतला. मग फोन जवळ धरून पेटीच्या चित्रावर बोट ठेवलं. "आणि हे इथं, वरती का नाही लिहिलेलं?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला.